जंगलाकडे जाणारा ७.४ किलोमीटरचा रस्ता दर पावसाळ्यात का उखडतो

राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, शाहूवाडी. कोल्हापूरच्या या पश्चिमेकडच्या तालुक्यांत मोठ्या रस्त्याला फुटून पाच-दहा किलोमीटरवर जंगलाच्या नाक्यापाशी संपणारे फाटे पुष्कळ आहेत. इथं त्यातलाच एक रस्ता नमुना म्हणून घेतला आहे. तो कुठल्या एका गावचा नाही. या पट्ट्यात हमखास दिसणारे दोष एकाच रस्त्यावर आणले आहेत, आणि लांबी, पाणलोट, भिंतीची उंची हे आकडे हिशेब करता यावा म्हणून धरले आहेत. सामानाची प्रमाणं आणि कायद्यातल्या मर्यादा मात्र प्रत्यक्ष कामात लागतात त्याच आहेत.

फाट्यापासून पहिले २.८ किलोमीटर ऊस, भात आणि एक गाव. पुढचे २.६ किलोमीटर घाट, त्यात यू आकाराची तीन वळणं. शेवटचे २ किलोमीटर दाट झाडीतून वन विभागाच्या नाक्यापर्यंत. डांबर ३.७५ मीटर रुंद, म्हणजे एका गाडीपुरतं. दिवसाला एसटीच्या दोन फेऱ्या, दुधाचा टेम्पो, हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या.

तक्रार दरवर्षी तीच. जूनमध्ये बरा दिसणारा रस्ता ऑगस्टपर्यंत घाटात उखडतो आणि साखळी क्रमांक ४/१५० ला, म्हणजे फाट्यापासून ४ किलोमीटर १५० मीटरवर, मोरीवरून पाणी जाऊन एसटी बंद होते. मागणीही दरवर्षी तीच: रस्ता साडेपाच मीटर रुंद करा. ही मागणी मनापासूनची आहे, कारण समोरून ट्रॉली आली की अर्धा किलोमीटर मागं जावं लागतं. पण रुंदी दिली तरी रस्ता टिकणार नाही. तो अरुंद आहे म्हणून उखडत नाही, पाण्याला वाट नाही म्हणून उखडतो.

उखडलेल्या जागी काय दिसतं

घाटातल्या एका खड्ड्याशी खाली बसून कडेचं डांबर बोटानं उचलावं. पापुद्र्यासारखं हातात येतं. वीस मिलिमीटरचा थर, खालच्या बाजूला खडीला डांबर चिकटलेलंच नाही, नुसता लाल चिखल. त्याखालची खडी हलवली तर सुटी होते, आणि फटीतून पाणी वर येतं. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी येतं. हे पाणी वरून पडलेलं नाही. डोंगराकडच्या बुजलेल्या गटारातून ते रस्त्याच्या पोटात शिरलं आहे.

पोटात पाणी शिरलं की खडी आणि मुरूम एकमेकांना धरत नाहीत. वरून एसटीचं चाक गेलं की पाणी दाबलं जातं, बारीक माती घेऊन फटीतून उसळतं, चाक पुढं गेलं की पोकळी राहते. असं हजार वेळा झालं की डांबर तुटतं. खड्डा दिसायला लागतो तेव्हा आजार महिनाभराचा जुना असतो.

वजनाचाही वाटा आहे. रस्त्याच्या रचनेत प्रमाण ॲक्सल, म्हणजे चाकांच्या एका आसावरचं वजन, ८.१६ टनांचा धरतात आणि नुकसान वजनाच्या साधारण चौथ्या घातानं वाढतं. १०.२ टनांचा ॲक्सल म्हणजे सव्वापट वजन, पण नुकसान जवळजवळ २.४ पट. जांभ्या चिऱ्याचा भरलेला ट्रक अशा रस्त्यावरून आडवाटेनं नेला की काय होतं ते यावरून कळावं. तरी कोरड्या पोटाचा रस्ता हे बरंच सोसतो, ओल्या पोटाचा सोसत नाही.

गावातला भाग

इथं दोष उघड आहेत. शेतात ट्रॉली उतरवायला प्रत्येकानं गटार माती टाकून बुजवलं आहे, पाईप कुणी घातलेला नाही. साईडपट्टी वर्षानुवर्षं भर पडून डांबरापेक्षा उंच झाली आहे, त्यामुळं पाणी शेताकडं न जाता रस्त्यातच तुंबतं. घरांचं सांडपाणीही रस्त्यावरच.

तपासायला एक दोरी आणि पट्टी पुरते. जास्त पावसाच्या भागात पातळ डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेकडं २.५ टक्के उतार लागतो. ३.७५ मीटरच्या निम्मे १.८७५ मीटर, त्याचे अडीच टक्के म्हणजे ४७ मिलिमीटर. दोन्ही कडांवर दोरीची टोकं समान उंचीवर धरून ताणावी आणि कडेची व मध्याची उंची मोजावी. मध्य सुमारे ४७ मिमी वर हवा. नुसतं पॅचवर्क होत आलेल्या रस्त्यावर हा फरक हळूहळू जातो, कुठं कुठं मध्यच खाली जातो. साईडपट्टीचा उतार त्याहून थोडा जास्त ठेवायचा आणि ती डांबराच्या वर कधीच येऊ द्यायची नाही.

घाट: इथंच सगळं ठरतं

घाटात उतार मध्यापासून दोन्हीकडं द्यायचा नसतो. सगळा उतार डोंगराकडं, म्हणजे पाणी गटारात पडतं आणि मोरीतून पलीकडं घळीत जातं. दरीकडं पाणी सोडलं तर ते कडेची माती कापत नेतं, आधी साईडपट्टी जाते, मग डांबराची कड अधांतरी राहते आणि ट्रकचं चाक पडलं की तुटते.

आपल्या घाटात गटार आहे, पण नावाला. दगड-मातीनं निम्मं भरलेलं, वर वाळलेली कारवी. कारवी सात वर्षांनी एकदा फुलून मरते. त्या वर्षानंतर तिच्या काटक्या ओढ्यांतून इतक्या येतात की मोरीच्या तोंडाशी जाळी विणल्यासारखी होते. ज्या वर्षी डोंगर जांभळा दिसला, त्याच्या पुढच्या पावसाळ्याआधी मोऱ्या दोनदा साफ करायला हव्यात.

दुसरा दोष मोऱ्यांच्या संख्येचा. डोंगरी रस्त्याला किलोमीटरला तीन-चार मोऱ्या लागतात. २.६ किलोमीटरला आठ ते दहा हव्यात, आहेत पाच. मोरी दूर असली की गटारातलं पाणी वाढत जातं आणि शेवटी गटार सोडून रस्ता धरतं. घाटातून पाणी रस्त्याच्या मधून पाटासारखं वाहताना दिसलं तर पावसाला दोष न देता वरच्या बाजूला मोरी कुठं कमी पडली ते शोधावं.

तिसरा दोष जेसीबीचा. मे महिन्यात घाईनं गटार काढताना बकेट डोंगराच्या पायथ्यात घुसते आणि दरडीचा आधार कापला जातो. जुलैत तीच माती गटारात येऊन बसते. गटार काढायचं तर तळ खोल करावा, डोंगराची बाजू कापू नये. जिथं माती सुटी आहे तिथं पायथ्याला मीटरभर उंचीची जाळीबंद दगडी भिंत, म्हणजे गॅबियन, घालावी. ती पाणी अडवत नाही आणि थोडी वाकली तरी मोडत नाही. सिमेंटची भिंत घातली तर दर दीड मीटरला पाणी निघायची भोकं आणि मागं दगडांचा गाळणथर हवाच. भोकं ठेवली पण मागं लाल माती भरली, असं फार ठिकाणी होतं. मग भोकं चोंदतात आणि भिंत पोटातून फुगते.

४/१५० ची मोरी

इथं ६०० मिलिमीटरचे दोन सिमेंट पाईप शेजारी शेजारी आहेत. वरचा पाणलोट १२ हेक्टर धरू, म्हणजे ०.१२ चौरस किलोमीटर. पाऊस तासाला ७५ मिमी, आणि पडलेल्यातला ०.६ भाग वाहून येतो असं धरलं तर (०.२७८ हा एककं जुळवायचा गुणक):

०.२७८ × ०.६ × ७५ × ०.१२ = सेकंदाला १.५ घनमीटर.

पाईपमधून पाणी सेकंदाला २ मीटर वेगानं जातं असं धरू. ६०० मिमी पाईपचं तोंड ०.२८३ चौरस मीटर, दोन्ही मिळून ते १.१३ घनमीटर नेतात. गरज दीडची. म्हणजे दोन्ही पाईप धुऊन स्वच्छ ठेवले तरी मोरी अपुरीच, आणि त्यात कारवी आणि पालापाचोळा. एक पाईप चोंदला की उरलेला गरजेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त पाणी नेतो. बाकीचं पाणी रस्त्यावरून जाणार, यात नवल नाही.

१००० मिमीचा एक पाईप १.५७ घनमीटर नेतो, म्हणजे काठोकाठ. १२०० मिमीचा एक पाईप २.२६ नेतो, त्यात एक तृतीयांश जागा कचऱ्यासाठी राहते. इथं तोच घालावा. दोन लहान पाईपांपेक्षा एक मोठा केव्हाही बरा, कारण दोन पाईपांच्या मधल्या भिंतीलाच फांद्या अडकतात, आणि मोठ्या पाईपात माणूस वाकून शिरून गाळ काढू शकतो. ६०० मध्ये शिरता येत नाही, मग बांबूनं ढोसायचं.

पाईप घालताना चुका होतात त्या पुढच्या जागी. पाईपाखाली काँक्रीटचा किंवा दाबलेल्या मुरमाचा बिछाना नसतो, नुसत्या मातीवर ठेवतात, मग सांधे उघडतात आणि पाणी पाईपाबाहेरून वाट काढतं. पाईपावर किमान ६०० मिमी भराव लागतो. १२०० चा पाईप घालायचा तर त्यासाठी रस्ता उचलण्यापेक्षा तळ खाली न्यावा लागतो, आणि पलीकडं पाणी बाहेर पडायला उतार आहे का ते आधी बघावं लागतं. वरच्या तोंडाशी एक कुंडी हवी, तळ पाईपापेक्षा अर्धा मीटर खाली, म्हणजे दगड तिथं बसतात. खालच्या तोंडाशी दगडी पिचिंग, म्हणजे दगडांची फरसबंदी, हवं. ते नसेल तर पाणी उडी मारून खड्डा करतं, खड्डा मागं सरकत येतो आणि एका पावसाळ्यात पाईपाचा शेवटचा तुकडा लटकलेला दिसतो.

रुंदीचा हिशेब

आता साडेपाच मीटरची मागणी बघू. घाटात १.७५ मीटर वाढवायचे म्हणजे डोंगर कापायचा. कापाची सरासरी उंची ३ मीटर धरली तर दर मीटरला ५.२५ घनमीटर, २.६ किलोमीटरला १३,६५० घनमीटर. १४ घनमीटरच्या हायवानं ९७५ खेपा, आणि खणलेली माती फुगते ते यात धरलेलं नाही. एवढा माल टाकायला जागा नसते, म्हणून तो दरीत लोटला जातो, खालच्या वनजमिनीत. ते बेकायदा आहे, आणि तोच माल पुढं ओढ्यातून खालच्या भातखाचरांत येतो. शिवाय नवा उघडा काप पहिल्या दोन पावसाळ्यांत ढासळतो, त्या दरडी गटारात पडतात आणि आपण पुन्हा पहिल्या जागी.

त्याऐवजी गाड्या बाजूला घ्यायच्या जागा कराव्यात. किलोमीटरला दोन-तीन, रस्त्याकडून ३० आणि बाहेरच्या कडेनं २० मीटर लांब, ३.७५ मीटर रुंद. घाटात सात जागा धरल्या तर सुमारे ६५० चौरस मीटर. रुंदीकरणाला ४,५५० लागतात. त्याच्या सातव्या हिश्श्याच्या जागेत ट्रॉली समोर येण्याचा प्रश्न सुटतो. जागा निवडताना एका जागेवरून दुसरी दिसली पाहिजे. दिसत नसेल तर चालक वाट बघत नाही, पुढं घुसतो.

कागद

रस्त्याचा शेवटचा भाग कुणाच्या जमिनीत आहे हे काम निघायच्या आधी ठरवावं, नंतर नाही. ग्रामरस्ते आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडं, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकामकडं. पण खालची जमीन वन असेल तर रस्ता कुणाचाही असो, वन (संवर्धन) अधिनियम, १९८० (२०२३ पासूनचं नाव वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम) लागतो. २५ ऑक्टोबर १९८० च्या आधी हा रस्ता होता, हे दाखवणारा कागद फार मोलाचा. जुना गाव नकाशा, जिल्हा परिषदेची रस्ता नोंदवही, त्या काळातलं खर्चाचं बिल, जे मिळेल ते. मग भूमी अभिलेख आणि वन विभाग यांची संयुक्त मोजणी.

राधानगरीच्या बाजूला आणखी एक गुंता आहे. दाजीपूरचं गवा अभयारण्य १९५८ चं, राज्यातलं पहिलं; १९८५ मध्ये ते वाढवून राधानगरी अभयारण्य झालं, क्षेत्र ३५१.१६ चौरस किलोमीटर. त्यामुळं काही वाड्यांचे रस्ते आधीचे आणि हद्द नंतर आलेली. हद्दीच्या आतल्या कामाला वन्यजीव मंडळाची पायरी वेगळी चढावी लागते. ती चुकवून काम सुरू केलं की अर्ध्यावर थांबतं, आणि खडी पसरून थांबलेला रस्ता हा खड्ड्यांच्या रस्त्यापेक्षा वाईट.

वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये गावाच्या रस्त्यासारख्या सोयींना सवलत आहे: ग्रामसभेची शिफारस, प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. आपले दोन किलोमीटर सहा मीटर पट्ट्यानं धरले तर १.२ हेक्टर होतात, म्हणजे मर्यादेबाहेर. ४.७५ मीटरनं धरले तर ०.९५, मर्यादेत. एकच रस्ता दोन तुकडे करून दोन प्रस्ताव घालायचा सल्ला कुणी देईल; तो घेऊ नये, छाननीत तो पहिल्यांदा पकडला जातो.

कामाचा क्रम

आधी मोऱ्या, मग गटार, मग भिंती, सगळ्यात शेवटी डांबर. अंदाजपत्रकात डांबराची रक्कम मोठी असते आणि मार्चअखेर ती खर्ची पडावी म्हणून क्रम उलटा होतो. नवं कार्पेट, म्हणजे डांबराचा वरचा पातळ थर, आणि दोन महिन्यांनी त्यातूनच मोरीसाठी चर. हे टाळणं शाखा अभियंत्याच्या हातात आहे आणि गावानं त्याच्या पाठीशी उभं राहायला हवं.

घाटाच्या २.६ किलोमीटरचं डांबरी क्षेत्र ९,७५० चौरस मीटर. खालची खडी सुटी झालेल्या जागी ७५ मिमी खडीकरणाचा थर पुन्हा द्यावा लागतो. १० चौरस मीटरला साधारण एक घनमीटर खडी. त्यावर २० मिमी कार्पेट: १० चौरस मीटरला ०.२७ घनमीटर खडी आणि १४.६ किलो डांबर, म्हणजे एकूण २६३ घनमीटर आणि १४.२ टन. टॅक कोट, म्हणजे थर चिकटावा म्हणून खाली मारायचं डांबर, चौरस मीटरला पाव किलो धरला तर अडीच टनांच्या आसपास. सीलकोट, म्हणजे वरून फटी बुजवणारा थर, इथं द्रव प्रकारचाच हवा, १० चौरस मीटरला ९.८ किलो, एकूण ९.६ टन. सीलकोट वाचवला तर कार्पेट चाळणीसारखं पाणी पितं, कारण त्याची रचनाच उघड्या फटींची आहे.

यू वळणांवर डांबर घालूच नये. ब्रेक आणि चाकाच्या पिळानं ते सरकतं. तिथं एम-३० काँक्रीट, जाडी किमान १५० मिमी, चार मीटरच्या आत सांधे, आणि किमान चौदा दिवस पाणी. घाटात टँकर चढवून चौदा दिवस पाणी मारणं कटकटीचं आहे, म्हणून ओल्या गोणपाटानं झाकून ठेवावं.

झाडीतल्या दोन किलोमीटरसाठी वेगळा विचार लागतो. ऊन पोचत नाही, डांबर ओलंच राहतं, कडेला शेवाळ धरतं. शिवाय फेब्रुवारी ते मे वणव्याचे दिवस. तिथं डांबराची भट्टी पेटवू नये. हॉटमिक्स, म्हणजे गरम डांबरी माल, लांबून आणला तर वाटेत थंड होतो आणि नीट दबत नाही. त्यापेक्षा इमल्शनचं, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या डांबराचं, थंड मिश्रण घ्यावं. पसरल्यावर ते चॉकलेटी दिसतं. रंग काळा होईपर्यंत रोलर फिरवायचा नाही. घाईनं फिरवला तर मिश्रण चाकाला चिकटून उचलतं. सावलीत हा रंग बदलायला जास्त वेळ लागतो, म्हणून काम सकाळी लवकर सुरू करावं आणि वळवाचे ढग दिसले तर त्या दिवशी पसरूच नये.

गव्याची वाट

या दोन किलोमीटरमध्ये संध्याकाळनंतर गवे रस्ता ओलांडतात. अंगानं काळे, अंधारात दिसत नाहीत. ताशी ६० वेगाला थांबायला ८० मीटर लागतात, ३० ला ३० मीटर. वळणावळणाच्या झाडीत ८० मीटर पुढचं दिसतच नाही. म्हणून गतिरोधक, पण मापातले: ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच, गोलाकार, आणि ४० मीटर आधी फलक. गावोगाव घातलेले उभे बंप गाडीची ॲक्सल मोडतात आणि चालक कडेनं वळसा घालून साईडपट्टी फोडतो.

दरीकडं सलग लोखंडी कठडा घालू नये. दोन मीटर लांबीचा दगडी कठडा आणि मध्ये मीटरभर मोकळं असं ठेवलं की भेकर, साळिंदर निघून जातात. मोठ्या जनावराची नेहमीची पायवाट जिथं उतरते तिथं कठडाच नको, त्याऐवजी रंगवलेले खांब. उभ्या भिंतींचं यू गटारही इथं नको. जूनमध्ये बेडूक त्यात पडतात आणि वर येऊ शकत नाहीत. पसरट, बशीसारखं दगडी गटार केलं तर पाणीही जातं आणि जीवही बाहेर येतो.

वर्षभराची राखण

पूर्वी ठरावीक लांबीला एक मैलकुली असायचा. फावडं, घमेलं, विळा घेऊन रोज फिरायचा, मोरीत अडकलेली फांदी त्याच दिवशी काढायचा. ती व्यवस्था गेली ती उणीव या रस्त्यांना सगळ्यात जास्त भोवते, असं आमचं ठाम मत आहे. घाटातल्या गटारात दर मीटरला ०.०६ घनमीटर गाळ धरला तर २.६ किलोमीटरला १५६ घनमीटर होतो. एक माणूस दिवसाला दोन-तीन घनमीटर काढतो, म्हणजे ५० ते ८० मनुष्यदिवस. दहा माणसांचा आठवडाभराचा धंदा.

हे काम मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात करावं. एप्रिलमध्ये केलं तर वळीव पुन्हा भरतो. काढलेला गाळ साईडपट्टीवर ढीग करून ठेवू नये, पहिल्या पावसात तोच परत येतो. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर लगेच मोऱ्यांची तोंडं बघावीत. पावसाळ्यात खड्ड्यात मुरूम टाकू नये. त्याचा दोन दिवसांत चिखल होतो आणि खड्डा मोठा होतो. कोरडी खडी ठोकून भरावी, डांबराचं काम ऑक्टोबरनंतर. रस्ता ग्रामसडक योजनेतला असेल तर पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराकडंच असते. ती तारीख फाट्यावरच्या फलकावर लिहिलेली असते, तिचा फोटो ग्रामपंचायतीत लावून ठेवावा.

आणि ४/१५० ला, नव्या मोरीच्या वरच्या तोंडाशी, भिंतीवर दर २० सेंटीमीटरला रंगाची एक पट्टी मारावी. प्रत्येक मोठ्या पावसात पाणी कुठल्या पट्टीपर्यंत चढलं ते तारखेसह वहीत लिहावं. तीन पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या की पाणलोटाचा आपण धरलेला दीड घनमीटरचा आकडा बरोबर होता की कमी, हे त्या वहीतच दिसेल, आणि घाटातल्या उरलेल्या मोऱ्यांचे पाईप त्यावरून ठरवता येतील.